चेन्नईकरांचं मूळ गाव

चेन्नईला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या जुळे सोलापूर भागातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "बालाजी केला का?" नाही केला. तिरुपती तिथून जवळ आहे हे मला ठाऊक आहे, मी आयुष्यभर शाळेत भूगोलच शिकवला. पण आम्ही गेलो होतो मुलगा बघायला, आणि मुलाच्या निमित्तानं अख्खं शहर बघून आलो. आपल्या स्टेशनवरून चेन्नईच्या गाड्या रोज जातात, पण त्यांत बसून शेवटपर्यंत जाणारं माणूस मला फारसं भेटलेलं नाही. सगळे वाटेतच कुठेतरी उतरतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

मुलगा बघायचा होता तो खालच्या मजल्यावरच्या व्यंकटेशच्या मुलीसाठी. व्यंकटेशचे टॉवेलचे माग आहेत, अशोक चौकाच्या अंगाला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही. त्याची श्रावणी माझी विद्यार्थिनी, त्यामुळे त्या घरात मी 'बाई'. व्यंकटेश आणि त्याची बायको लक्ष्मीसुद्धा मला बाईच म्हणतात. श्रावणी आता चेन्नईत कंप्युटरच्या कंपनीत आहे आणि तिथल्याच कार्तिक नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. कार्तिकच्या घरी तेलुगूच बोलतात, मंडळी विणकरांतलीच, नोकरी चांगली, फोटोत पोरगा नाकीडोळी नीटस. यातलं काहीच व्यंकटेशला खटकलं नाही. त्याला खटकलं ते भलतंच.

"बाई, मी फोनवर इचारलं, तुमचं गाव कुटलं? तर मुलाची आई म्हणती, चेन्नई. मी म्हटलं, ते झालं वो, मूळ गाव? तर म्हणती, मूळच चेन्नई. असं कुटं असतंय का?"

सोलापूरबाहेरच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडची तेलुगू विणकर मंडळी तेलंगणातून येऊन पिढ्या झाल्या. इथंच जन्मली, इथल्या गिरण्यांत आणि मागांवर राबली, गड्ड्याच्या जत्रेत लहानाची मोठी झाली. तरी सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न, "मीदि ए ऊरु?" म्हणजे तुमचं गाव कोणतं? गावाचं नाव कळलं की तिकडचा कुणीतरी पाहुणा निघतोच. त्याच्याकरवी घराण्याची चौकशी होते आणि मग पुढचं. आता गावाचं नावच नाही म्हटल्यावर चौकशीला माणूस पाठवायचा कुठं? व्यंकटेशची गाडी तिथंच अडली होती.

"मी सोता जातो. समोर बसून इचारतो," तो म्हणाला. "गाव निघालं तर ठीक. न्हाय तर पोरीनं हा इषय सोडायचा."

त्याच रात्री श्रावणीचा मला फोन. "बाई, नान्नांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. तुम्ही या की त्यांच्याबरोबर. ते तुमचं ऐकतात." व्यंकटेश माझं ऐकतो ही त्या पोरीची गोड समजूत आहे. पण तिच्या आवाजात पाणी होतं, ते मला ऐकवेना. मी नवऱ्याला म्हटलं, डब्याचं तुमचं तुम्ही बघा, आणि बॅग भरली.

संक्रांत झाली, गड्डा उरकला आणि आम्ही तिघं निघालो. सामानात शेंगापोळ्या, शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चवड आणि सोलापुरी चादरी. त्याही साध्यासुध्या नव्हे, अंगावर घेतली तर कूस बदलायला बळ लागेल अशा जाडजूड. मी व्यंकटेशला समजावलं की चेन्नईला थंडी नसते, ऐन जानेवारीत पंखा लावून झोपतात, या चादरींचं ती माणसं करणार काय?

"चादर काय थंडीसाठी देत्यात व्हय, बाई?" तो म्हणाला. चेन्नई सेंट्रलच्या पायऱ्या उतरताना त्या ओझ्यानं त्याच्या पिशवीचा बंद तुटला, तेव्हा मात्र मी मनसोक्त हसून घेतलं.

मरीना

एग्मोरला लॉज घेतला. सकाळी पितळेच्या पेल्या-वाटीतली कॉफी प्यायले आणि तिथल्या तिथं आणखी एक मागवली. इडली अशी मऊ की व्यंकटेशनं बोटानं दाबून बघितली. सांबाराला मात्र आम्हा तिघांच्या मते तिखट कमी. लक्ष्मीनं पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली आणि इडलीवर पसरली. वाढणारा माणूस थबकून बघत राहिला. तिनं त्याच्याही हातावर चिमूटभर दिली. त्यानं जिभेला लावली, डोळे मिटले, आणि पुढचा सगळा वेळ आमच्या टेबलाला सांबार न मागता मिळत होतं.

संध्याकाळी श्रावणी आणि कार्तिक आम्हाला समुद्रावर घेऊन गेले. कार्तिक फोटोतल्यापेक्षा काळा आणि फोटोतल्यापेक्षा चांगला. सासऱ्यासमोर काय बोलावं ते न सुचून सारखं काहीतरी खायला आणत होता. उकडलेल्या वाटाण्यांत कैरी आणि खोबरं घातलेलं सुंडल, मिरचीची भजी, पुन्हा सुंडल. व्यंकटेश येईल ते सगळं खात होता.

लक्ष्मीनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. रस्ता ओलांडून आम्ही वाळूत उतरलो आणि चालतच राहिलो. चालून चालून पिंढऱ्या दुखल्या तरी पाणी येईना. "अगं बया, एवढी वाळू!" लक्ष्मी म्हणाली. "आपल्या भीमेत असती तर ठेकेदारांनी चमचाभर ठिवली नसती." मग शेवटी पाणी आलं. ती साडी वर धरून उभी राहिली, लाट आली, पायांखालची वाळू सरकली आणि ती हसायला लागली. इतकी हसली की थांबेचना. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, थुंकलं, "खरंच मीठ हाय की वो!" म्हणून नवऱ्याला ओरडून सांगितलं. तिला तसं हसताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

आता माझी फजिती सांगते. मी पिशवी मांडीवर घेऊन समुद्राकडे तोंड करून बसले. म्हटलं, आता सूर्यास्त बघूनच उठायचं. गणपतीपुळ्याला पाहिला होता, दापोलीला पाहिला होता. ऊन कलत होतं, आकाश गुलाबी व्हायला लागलं, पण सूर्य काही समोर दिसेना. मी मान उंचावून ढगात शोधते आहे. श्रावणी हळूच म्हणाली, "बाई, मागे." मागे वळून पाहिलं तर सूर्य इमारतींच्या आड निम्मा बुडालेला. पूर्व किनारा! अख्खी हयात ज्या बाईनं पोरांकडून भारताचा पूर्व किनारा पाठ करून घेतला, ती बंगालच्या उपसागरात सूर्य मावळायची वाट बघत होती. आपल्या मराठी माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिमच असते, त्याला काय करणार? व्यंकटेश त्या दिवसात पहिल्यांदा हसला, आणि तोही माझ्यावर.

माझं हसं झालं त्याची भरपाई म्हणून मी तिथंच वर्ग घेतला. चेन्नईचा किनारा नकाशात पट्टीनं आखल्यासारखा सरळ आहे. मुंबईसारखी खाडी नाही, जहाजाला आडोसा नाही. पूर्वी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसं, माल, सगळं काथ्यानं शिवलेल्या होड्यांतून लाटांवर आपटत काठाला यायचं. कैक होड्या उलटायच्या. प्यायला धड पाणी नाही, दोन नद्या आहेत त्या आळशी, जमीन परातीसारखी सपाट. अशा जागी इंग्रजांच्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं तिथल्या नायकाकडून, म्हणजे स्थानिक सरदाराकडून, वाळूचा एक पट्टा मिळवला आणि किल्ला बांधला. हीच जागा का, तर म्हणे शेजारच्या पोर्तुगीज वस्तीत त्याची मैत्रीण राहत होती. खरंखोटं देव जाणे. दुसरं कारण मात्र पक्कं आहे. या भागात कापड चांगलं आणि स्वस्त मिळायचं.

व्यंकटेशनं भजं खाली ठेवलं. "कापडासाठी? एवढं शहर कापडासाठी?"

"कापडासाठीच."

"म्हंजे आपल्या लोकांसाठी."

"आपल्या लोकांकडून स्वस्तात उचलायला," मी म्हटलं. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो वळून शहराच्या दिव्यांकडे बघत होता.

रोयापुरम

कार्तिकचं घर उत्तर भागात, रोयापुरमला, बंदराच्या पलीकडे. दारात तांदळाच्या पिठाची भलीमोठी रांगोळी. आपण दारात नेमकी, कोपऱ्याएवढी काढतो, तिथं ती पार रस्त्यापर्यंत जाते आणि येणारे जाणारे तिला वळसा घालून जातात. कार्तिकचे वडील मुनिरत्नम बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. उंच, हळू बोलणारे, पांढरी लुंगी, पांढराच शर्ट. आई नागमणी गुटगुटीत आणि बोलकी. त्यांनी आम्हाला चपला काढायलाही वेळ दिला नाही, पाणी हातात.

मग सुरू झालं तेलुगू. इतकी वर्षं व्यंकटेशच्या शेजारी राहून मला थोडं कळतं, बाकीचं श्रावणी सांगत होती. पण गंमत अशी की त्यांचं त्यांनाच धड कळत नव्हतं. व्यंकटेशच्या तेलुगूत निम्मी मराठी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की'. नागमणीताईंच्या तेलुगूत निम्मं तमिळ. दोघंही आपलंच तेलुगू शुद्ध असं समजून हळू, स्पष्ट, मोठ्यानं बोलत होते. थोड्या वेळानं सगळेच हसायला लागले आणि वातावरण सैल झालं.

जेवायला केळीच्या पानावर भात आणि चिंचेतलं माशाचं कालवण. उजनीचे मासे खाणाऱ्या आम्हा लोकांना समुद्राच्या माशाची ती चव नवी होती. लक्ष्मीनं दोनदा मागून घेतलं. कालवण पानावरून पळायला लागलं की भाताचा बांध घालायचा असतो, हे मला कार्तिकनं शिकवलं. माझा बांध दोनदा फुटला.

जेवण झाल्यावर व्यंकटेशनं चादरी काढल्या. नागमणीताईंनी एक हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं, तर उलटी केली. मागची बाजू बघितली, काठावरून अंगठा फिरवला, विणीत नख घालून बघितलं आणि मान डोलावली. व्यंकटेशनं माझा दंड दाबला. "बघितलं, बाई? उलट बाजू बघितली! कापड सुलटं कोण बी बघतंय. उलटं बघतो तो विणकर. रक्तातच असतंय ते."

त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, जमलं आता. लक्ष्मीनं कौतुकानं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? नागमणीताई म्हणाल्या, शिकवायचं काय त्यात, लग्नाआधी मी टी नगरच्या साडीच्या दुकानात विकायला उभी होते. रोज हेच काम. व्यंकटेशचा दंडावरचा हात सुटला. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी प्यायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा व्यंकटेशनं तो प्रश्न टाकलाच होता. "मीदि ए ऊरु?"

नागमणीताईंनी आपलं सांगितलं, नेल्लूरकडचं एक खेडं. पण प्रश्न मुलाच्या बापाच्या घराण्याचा होता. मुनिरत्नम खाली बघत म्हणाले, "माझा जन्म इथला. वडिलांचा इथला. आजोबांचाही इथलाच."

"त्याच्या आधी?"

"आधीचं कुणी सांगितलं नाही."

"माग कुणी चालवला शेवटचा?"

"आजोबांनी. वडील बंदरात गेले, मग मी."

"मग आजोबांचं घर कुटं होतं ते तरी?"

मुनिरत्नम काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. "इथंच, जवळ," एवढंच म्हणाले. व्यंकटेशला ते थांबणं दिसलं, मला दिसलं, सगळ्यांनाच दिसलं. लपवण्यासारखं काहीतरी आहे असंच कुणालाही वाटलं असतं. व्यंकटेशनं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "बघू." मुलीचा बाप 'बघू' म्हणाला की त्याचा अर्थ कोणत्याही भाषेत एकच होतो. श्रावणी उठून स्वयंपाकघरात गेली. कार्तिक तिच्या मागोमाग जावं की बसावं ते न कळून दारातच उभा राहिला. मला त्या दोघांची फार कणव आली, आणि व्यंकटेशचा राग आला.

निघताना मुनिरत्नम म्हणाले, "अजून दोन दिवस आहात. उद्या आमचं शहर बघा. परवा सकाळी पुन्हा या. मग काय ते ठरवा."

किल्ला आणि पेठा

दुसऱ्या दिवशी मुनिरत्नम स्वतः रिक्षा करून आले, सोबत श्रावणी. आधी किल्ला. मला वाटलं होतं, आपल्या किल्ल्यासारखा बुरूज, खंदक, चिंचेची झाडं आणि शांतता असेल. इथं तर फायली घेऊन पळणारी माणसं, लाल दिव्याच्या नसल्या तरी तशाच तोऱ्यातल्या गाड्या आणि पोलीस. कंपनीनं गोदाम म्हणून सुरू केलेल्या किल्ल्यातूनच आजही राज्याचा कारभार चालतो. विधानसभा तिथंच, सचिवालय तिथंच. जिथं कापडाच्या गाठी मोजल्या तिथूनच आता कायदे निघतात. व्यंकटेशला हे पटलं. "बराबर हाय. गोदाम ज्याच्या हातात, राज्य त्याचंच." पूर्वी समुद्राचं पाणी किल्ल्याच्या भिंतीला लागायचं म्हणे. आता मध्ये रस्ते आहेत, जमीन आहे, पाणी कुठल्या कुठं.

किल्ल्याबाहेर शहर कसं वाढलं ते रिक्षातून जाताना समजत जातं. किल्ल्यात गोरे, बाहेर काळे, ही पहिली विभागणी. मग कंपनीनं माणसं बोलावली. विणणारे, सूत कातणारे, कापडावर रंगानं चित्रं काढणारे, धुणारे, दुभाषे, सावकार. प्रत्येकाची वेगळी पेठ. जिथं कापड धुऊन उन्हात वाळवायचे तो भाग आजही धोब्यांच्या नावानं ओळखला जातो. मग आजूबाजूची जुनी गावं, देवळं आणि तळी शहरानं एकेक करून पोटात घेतली. नायकाच्या वडिलांच्या नावाचं चेन्नपट्टणम आणि शेजारचं मद्रासपट्टणम अशी दोन नावं होती. इंग्रजांनी एक उचललं, आताच्या लोकांनी दुसरं. आम्ही सोलापूरकरांना हे काही परकं वाटलं नाही. आमच्याकडे साखर पेठ आहे, भवानी पेठ आहे, मागांच्या मागोमाग आलेली माणसं आहेत. फक्त आमच्या दारात समुद्र नाही, आणि राजधानीही आम्हाला कुणी केलं नाही.

मग चिंताद्रीपेट. कूवम नदीच्या वळणात कंपनीनं खास विणकरांसाठी वसवलेली ही पेठ. नदीला असा वास होता की लक्ष्मीनं पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. मुनिरत्नमनी सांगितलं की इथल्या नावाचाच अर्थ लहान मागांची पेठ. व्यंकटेश रिक्षातून उतरला आणि कान देऊन उभा राहिला. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट लांबूनच अंगावर येतो. इथं हॉर्न, मासळी बाजारातली ओरड, कुठल्याशा वर्कशॉपमधलं ग्राइंडर. माग कुठंच नाही.

व्यंकटेशला ते पटेना. एकेका दारात डोकावून विचारत सुटला. टायरच्या दुकानात विचारलं, शिंप्याकडे विचारलं, मासे साफ करणाऱ्या बाईला विचारलं. ती बाई कोयता थांबवून त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, माग? त्याची काय भाजी करतात? श्रावणीनं हे भाषांतर करून सांगितल्यावर सगळे हसले. व्यंकटेशही हसला, पण जरा उशिरा.

मग एका कोपऱ्यावर त्यानं चप्पल काढली, वाकून रस्त्याला हात लावला आणि कपाळाला नेला. मागून एक स्कूटरवाला जोरात हॉर्न वाजवत ओरडून गेला. "हितं आपली माणसं बसून विणत हुती, बाई," व्यंकटेश म्हणाला. "कंपनी गेली, माग बी गेले. शहर तेवढं ऱ्हायलं." आमच्या बंद गिरण्यांच्या चिमण्या त्याच्या डोळ्यांसमोर असणार. माझ्या तर होत्याच.

मला वाटलं आता तो नरमला. रात्री लॉजवर कडक भाकरी चटणीबरोबर मोडत मी विषय काढला. तो म्हणाला, "शहराचं कळलं वो, बाई. पेठ तर समद्यांचीच. त्या माणसाचं काय? काल आजोबाचं घर इचारलं तर का थांबला? मी पोरगी द्यायची, आणि त्यानं घर लपवायचं?" लक्ष्मी जमिनीकडे बघत भाकरीचे तुकडे करत होती.

दगडांची भिंत

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही रोयापुरमला गेलो तेव्हा मुनिरत्नम दारातच उभे होते. "आत नको," ते म्हणाले, "आधी समुद्राकडे जाऊ." नागमणीताई, कार्तिक, श्रावणी, आम्ही तिघं, अशी सगळी वरात त्यांच्या मागून निघाली.

इथला समुद्र मरीनासारखा नव्हता. वाळू औषधालाही नाही. रस्ता, त्याला लागून काळ्या दगडांचा मोठा बांध, आणि बांधाखाली थेट पाणी. लाटा दगडांवर आपटून आमच्या अंगावर तुषार उडवत होत्या. दक्षिणेकडे बंदराची लांबलचक भिंत समुद्रात शिरलेली दिसत होती. ती बघितली आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मला राहवेना. तिथंच बांधावर उभं राहून मी सुरू केलं. या किनाऱ्यावरून प्रवाह वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे वाळू वाहून नेतो. जहाजांना आडोसा हवा म्हणून माणसानं समुद्रात भिंती घालून बंदर केलं. वाळू त्या भिंतीला अडली आणि दक्षिणेला साचत गेली, तिची एवढी मोठी मरीना झाली. किल्ल्यापासून पाणी लांब गेलं ते त्यामुळेच. आणि भिंतीच्या उत्तरेला वाळू येईनाशी झाली, म्हणून इथं समुद्र आत शिरत गेला. मी हवेत बाण काढून दाखवत होते. इतक्या वर्षांनी फळ्यावरचा धडा डोळ्यांनी दिसला, मला आनंद मावत नव्हता. "म्हणजे बघा," मी म्हटलं, "आपण त्या दिवशी ज्या वाळूत चाललो ती खरं तर इकडची!"

श्रावणीनं तेलुगूत सांगितलं. मुनिरत्नमनी माझ्याकडे बघून हात जोडले. मग ते व्यंकटेशकडे वळले आणि बोट समुद्राकडे केलं.

"ती लाट फुटतेय ना, तिथं माझ्या आजोबांचं घर होतं. त्याच्या पुढे अजून गल्ल्या होत्या. आमच्याच लोकांच्या, विणकरांच्या. घरात दोन माग होते. माझे वडील लहान असताना पाणी अंगणात आलं, मग ओटीवर आलं. एका वादळात भिंत गेली. आजोबांनी माग सोडवून आणायचा प्रयत्न केला, लाकूड मिळालं, बाकी नाही. गल्लीतली माणसं पांगली, जुनं सांगणारं कुणी उरलं नाही. पुढं वडिलांना काम मिळालं ते त्याच बंदरात. मलाही तिथंच. त्या बंदरानंच माझ्या पोराला शिकवलं. तरी रोज सकाळी मी इथं येऊन उभा राहतो."

व्यंकटेशनं विचारलं, "मग हे परवा का नाही सांगितलं?"

"मुलीच्या बापाला कसं सांगू, आमचं गाव पाण्यात आहे म्हणून?" मुनिरत्नम म्हणाले. "अपशकुनी म्हणाल असं वाटलं."

माझा बाण हवेतच राहिला. तो मी इतकी वर्षं फळ्यावर खडूनं काढत आले होते, आणि त्याच्या टोकाला कुणाचं घर असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मला गलबलून आलं.

व्यंकटेश पाण्याकडे बघत उभा राहिला. तेव्हा लक्ष्मी बोलली. इतके दिवस जेवणाबद्दल, वाळूबद्दल, नदीच्या वासाबद्दल सगळं बोलली होती, याबद्दल अक्षर काढलं नव्हतं. आता मराठीत बोलली, म्हणजे ते फक्त आम्हा सोलापूरकरांना कळावं.

"तुमी तरी तुमचं गाव बघितलंय का? नुसतं नाव सांगताय ते. मागं लग्नाला तिकडं गेलो, बस तुमच्या गावाच्या फाट्यावर थांबली. मी म्हटलं उतरू या, बघून येऊ. तर म्हणालात, ऊन लई हाय, आन् तितं आपल्याला वळखतंय कोण? उतरला न्हायीत. ह्यांना तर उतरायला फाटा बी न्हाय. तरी रोज हितं येऊन उभं ऱ्हात्यात. मग गाव कुणाचं खरं?"

व्यंकटेशचं तोंड उघडं राहिलं. तो लाल झाला. मला वाटलं आता भडकतोय. तो लक्ष्मीकडे बघत होता, मग माझ्याकडे, आणि मग हसायलाच लागला. मोठ्यानं, मान हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ऊन व्हतं वो, बाई," तो मला म्हणाला. "खरंच लई ऊन व्हतं!" कार्तिकच्या घरच्यांना काही कळेना. श्रावणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, आणि कार्तिक घाबरून तिला विचारत होता, नाही म्हणाले का? नाही म्हणाले का?

व्यंकटेश दगडांवरून जपून खाली उतरला, लाटेत हात बुडवला आणि ओला हात कपाळाला लावला. मग वर येऊन मुनिरत्नमना म्हणाला, लग्न सोलापुरात करू, तारीख तुम्ही सांगा. नागमणीताईंनी भर रस्त्यात लक्ष्मीला मिठी मारली. मला कुणी मारली नाही, तर मीच जाऊन कार्तिकला मारली.

मुनिरत्नम मात्र अजून कुठल्या तरी विचारात होते. त्यांनी व्यंकटेशला हळू आवाजात विचारलं की लग्नात तुमचे भाऊबंद जमतील, सगळे आम्हाला गाव विचारतील, तेव्हा आम्ही काय सांगायचं?

व्यंकटेशनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तेलुगूत एवढंसं काहीतरी म्हणाला. मी श्रावणीकडे बघितलं, पण ती रडत होती. तेव्हा लक्ष्मीनंच मला सांगितलं.

"म्हणतायत, सांगा, आमी व्यंकटेशचे व्याही हाय. सोलापुरात तेवढं बास हाय."